दान आणि चाल

गेल्या पावसाळ्यांत मुळशीस मुक्काम असतां आम्हीं घरच्या मुलांसमवेत दोन व्हिडिओ गेम खेळून पाहिले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ (२०२०) दिसण्यांत नितांत सुंदर आहे. दैत्यांनीं पळविलेल्या भावाच्या शोधार्थ निघालेली राजी मनास चटका लावते. परंतु कथा एकदां कळली कीं ओढ ओसरते. १९८४ सालीं मॉस्कोंत अलेक्सी पाजित्नोव यांनीं रचलेल्या ‘टेट्रिस’ला ना कथा, ना नायिका, केवळ सात आकार! तरी तो सुटत नाहीं. सारीपाटांत दान दैवाचें, चाल आपली; येथेंही तसेंच. पुण्याच्या अभिमानानें ‘राजी’स झुकतें माप द्यावेसें वाटलें खरें, पण पुनःपुन्हां हात वळला तो ‘टेट्रिस’कडेच.