वाढ कोणाची? ऑर्कुटची सुरुवातीची वर्षे आणि पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्टा : एक चिकित्सा

प्रस्तावना

समाजसंपर्क संकेतस्थळांच्या इतिहासात ‘वाढ’ हा शब्द बहुधा एकाच अर्थाने येतो. अमुक तारखेस सदस्यसंख्या किती होती आणि पुढील तारखेस ती किती झाली, एवढ्यावर कंपनीचे यशापयश ठरविले जाते. गूगल कंपनीच्या ‘ऑर्कुट’ या संकेतस्थळाविषयीचे बरेचसे लेखन याच पठडीतील आहे. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ब्राझील आणि भारत या दोन देशांत त्यास जो प्रतिसाद लाभला, तो त्याच्या जन्मभूमीत, म्हणजे अमेरिकेत, लाभला नाही. या चढउताराची दोन स्पष्टीकरणे सर्वत्र आढळतात. ऑर्कुटची यंत्रणा संथ होती, हे पहिले. फेसबुक अधिक सरस होते, हे दुसरे. दोन्ही खोटी नाहीत. परंतु दोन्हींमध्ये सदस्य हा केवळ दुकान बदलणारा गिऱ्हाईक ठरतो, आणि दुकानातील माल त्यानेच आणलेला होता ही गोष्ट नजरेआड होते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीची चिकित्सा पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात केली आहे. हा पट्टा निवडण्याचे कारण असे की, ‘वाढ’ हा येथील सार्वजनिक जीवनाचाही परवलीचा शब्द आहे. मात्र ती कोणाच्या श्रमाने झाली आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हा वाद येथे उघडपणे घातला गेला आहे.

ओळखीवरचा प्रवेश

ऑर्कुट बुयुककोक्तेन हा मूळचा तुर्की अभियंता गूगलमध्ये येण्यापूर्वी स्टॅनफर्ड विद्यापीठात होता. तेथील विद्यार्थ्यांसाठी २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लब नेक्सस’ या जाळ्यात त्याचा प्रमुख वाटा होता. गूगलमध्ये कर्मचाऱ्यांना स्वतःच्या कल्पनेवर काम करण्यासाठी कामाच्या वेळेचा पाचवा हिस्सा दिला जाई; त्या सवलतीतून ऑर्कुट उभे राहिले. आरंभी त्याचे दार सर्वांना खुले नव्हते. विद्यमान सदस्याने निमंत्रण दिले तरच नवा सदस्य आत येऊ शके. ही अट ऑक्टोबर २००६ पर्यंत टिकली. म्हणजे पहिल्या पावणेतीन वर्षांत आलेला प्रत्येक जण कोणाच्या तरी ओळखीने आलेला होता.

ओळखीने प्रवेश ही रीत पिंपरी-चिंचवडला नवी नव्हती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यापुढील दोन दशकांत येथील गावांचे औद्योगिक नगर झाले. १९८२ मध्ये महानगरपालिका आली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सातारा-सांगली येथून आलेल्या माणसाला पहिली खोली, पहिली खानावळ आणि पहिले हंगामी काम बहुधा गाववाल्याच्या किंवा पाव्हण्याच्या शब्दावर मिळत असे. हा शब्द फुकाचा नसे. माणूस वाईट निघाला तर शब्द टाकणाऱ्याची पत जात असे. ओळख हे या पट्ट्यातील कामगाराचे पहिले भांडवल होते.

निगडी, आकुर्डी व पिंपरी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि शेजारच्या हिंजवडी माहिती तंत्रज्ञान वसाहतीतील नवे नोकरदार यांच्यामार्फत ऑर्कुट या परिसरात आले, तेव्हा त्याला ओळखीचे हे जाळे आयते मिळाले. ‘तंत्रज्ञानाने माणसे जोडली’ असे सरसकट विधान केले जाते. ते येथे उलटे करून वाचावे लागते. एका वर्गातले, एका वसतिगृहातले, एका तालुक्यातले तरुण आधीच जोडलेले होते. कंपनीने ती जोडणी मोजता येईल अशा रूपात आणली. तिचे कौशल्य एवढ्यापुरते निश्चित मान्य करावे लागेल.

अर्थात, ओळखीच्या या जाळ्याचे उदात्तीकरण करणेही योग्य नव्हे. गाव, भाऊबंदकी आणि जात यांच्या मर्यादा त्याला होत्याच. ऑर्कुटवरील ‘कम्युनिटी’ या सोयीमुळे आवडत्या विषयावर अनोळखी माणसाशी बोलण्याची वाट काही अंशी उघडली, आणि हा तिचा खरा लाभ होय. परंतु मुलींसाठी हीच वाट अडचणीची ठरली. एकमेकांना संदेश लिहिण्याची ‘स्क्रॅपबुक’ नामक वही आरंभीच्या काळात कोणाही सदस्यास वाचता येत असे. ती झाकण्याची सोय पुढे आली. गावच्या पारावर बसलेल्यांना निदान कोण ऐकत आहे हे दिसते. येथे तेही दिसत नव्हते.

या वहीची रचना मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. मित्राने लिहिलेला संदेश आपल्या वहीत उमटे. आपण दिलेले उत्तर मात्र त्याच्या वहीत जाई. कोणताही संवाद एका ठिकाणी सलग राहत नसे. भाषेचेही तसेच झाले. बहुतेक मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिला जाई. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच नव्हता, आणि ‘ळ’चे काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावे. भाषाशुद्धीच्या आग्रहाने या लेखनाकडे दुर्लक्ष झाले, ही मराठीच्या अभ्यासकांची उणीव मानली पाहिजे. नगराच्या नव्या पिढीचे ते पहिले मोठे लिखित संभाषण होते. २००७ मध्ये ऑर्कुटचा दर्शनी भाग मराठीसह सहा भारतीय भाषांत उपलब्ध झाला. म्हणजे कंपनी मराठीपर्यंत आली तेव्हा मराठी माणसे तेथे काही वर्षे लिहीत होती. तोपर्यंत यंत्रणा कोलमडली की सर्व्हर वाईट वागला म्हणून त्याला डोनट मिळणार नाही, अशा अर्थाचा विनोदी इंग्रजी संदेश झळकत असे. हा विनोद कोणासाठी होता, हे सांगावयास नको.

आकडा, पत्ता आणि माणूस

ऑक्टोबर २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑर्कुटवरील भारतविरोधी मजकुराच्या संदर्भात गूगलला नोटीस काढली. छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या अवमानकारक मजकुरामुळे २००६-०७ मध्ये राज्यात काही ठिकाणी सायबर कॅफेंची मोडतोड झाली. मजकूर कंपनीच्या यंत्रणेवर, आणि फटका गल्लीतील चार-सहा संगणक मांडून बसलेल्या व्यावसायिकाला, असे हे विपरीत होते. त्यानंतर आक्षेपार्ह मजकुराबाबत मुंबई पोलीस आणि कंपनी यांच्यात समन्वयाची व्यवस्था झाली.

या व्यवस्थेचा सर्वांत कठोर अनुभव पुण्याशी निगडित आहे. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी शिवाजी महाराजांविषयीच्या मजकुराच्या प्रकरणी बंगळूरमधील एका संगणक अभियंत्यास अटक केली. दूरसंचार कंपनीने पुरविलेला इंटरनेट-पत्त्याचा तपशील चुकीचा होता, हे पुढे निष्पन्न झाले. तोवर त्या निरपराध माणसाचे सुमारे ५० दिवस कोठडीत व येरवड्याच्या कारागृहात गेले होते. गाववाल्याच्या शब्दावर चालणाऱ्या ओळखीत शब्द देणारा उत्तरदायी असे. येथे ओळख आकड्यात रूपांतरित झाली, आणि आकडा चुकल्यावर उत्तरदायी कोण हे ठरविता ठरविता वर्षे गेली. सदस्यवाढीच्या कोणत्याही आलेखात या ५० दिवसांना जागा नाही.

वाढीवरचा हक्क

ऑर्कुट मराठीत आले त्याच सुमारास, सप्टेंबर २००७ मध्ये, बजाज ऑटोच्या आकुर्डी कारखान्यातील वाहन-उत्पादन थांबले. कंपनीचा चाकण येथील कारखाना १९९९ पासून सुरू होता. २००९ मध्ये फोक्सवॅगनही तेथे आली आणि पट्ट्याचा भार उत्तरेकडे सरकला. तरुण, बाहेरगावचा, ठेकेदारामार्फत आलेला आणि पाळीत काम करणारा कामगार वाढला. सायबर कॅफेत तासभर बसणे त्याच्या दिनक्रमात बसणारे नव्हते. साध्या मोबाइलवर चालणारे जाळे बसत होते. २०१० च्या मध्यावर फेसबुकने भारतात ऑर्कुटला मागे टाकले. या बदलाची कारणे अन्यत्र सविस्तर मांडली गेली आहेत. येथे त्यांचा विस्तार करण्याचे प्रयोजन नाही.

अधिक विचारार्ह आहे ती २०१३ मधील घटना. त्या वर्षी २५ जून रोजी बजाजच्या चाकण कारखान्यातील कामगार संपावर गेले. वेतनवाढीबरोबरच त्यांची एक मागणी असामान्य होती. प्रत्येक कामगारास कंपनीचे ५०० समभाग प्रत्येकी १ रुपया दराने मिळावेत, अशी ती होती. कंपनीने ती अमान्य केली आणि सुमारे ५० दिवसांनी, समभाग न मिळता, संप मागे घेण्यात आला. मागणी व्यवहार्य होती की नाही, याविषयी मतभेद संभवतात. तिच्यामागील विचार मात्र स्पष्ट होता. वाढ आमच्या हातांनी झाली असेल तर मजुरीपलीकडे तिच्या मालकीतही आमचा वाटा असावा.

ऑर्कुटच्या सदस्यांनी असा प्रश्न विचारल्याचे दिसत नाही. ते वेतन घेत नव्हते, त्यामुळे आपण काही उत्पादन करीत आहोत याची जाणीव होण्यास निमित्तच नव्हते. परंतु निमंत्रणे त्यांची, मित्र त्यांचे, मजकूर त्यांचा. कंपनीजवळ स्वतःचे असे यंत्रणा आणि नियम एवढेच होते. भूसंपादनात जमीन गेलेल्या गावकऱ्याजवळ सातबाऱ्याचा जुना उतारा तरी असतो. त्या आधारे तो वर्षानुवर्षे कचेरीत खेटे घालतो, पण त्याचा दावा नोंदलेला राहतो. संकेतस्थळावर वर्षानुवर्षे लिहिणाऱ्याजवळ असा कोणताही उतारा नव्हता.

३० जून २०१४ रोजी कंपनीने ऑर्कुट बंद करण्याची घोषणा केली आणि तीन महिन्यांत ते बंद झाले. आपली माहिती उतरवून घेण्यासाठी सदस्यांना सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत दिली होती. ज्याने ती पाळली, त्याच्या हाती फार तर स्वतःची वही आली. तीत मित्रांचे प्रश्न आहेत. त्याने दिलेली उत्तरे मित्रांच्या वह्यांत होती.