हिशेबापलीकडचे देणे

दिवाळीत शेजारच्या घरून फराळाचे ताट आले तर ते रिकामे परत पाठवावयाचे नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे. दुसरे काही नसले तर निदान चिमूटभर साखर तरी त्यावर घालतात. रिवाज गोडच; पण त्याच्या पोटी हिशेब असतो. ख्रिस्ती धर्मातील ‘कृपा’ या शब्दाचा अर्थ या हिशेबापलीकडचा आहे. देवाचे देणे ही माणसाच्या पुण्याईची मजुरी नव्हे, योग्यता नसताना मिळालेले ते दान आहे, असे पौलाने आपल्या पत्रांतून परोपरीने सांगितले. देवळातील उपदेशात हे ऐकावयास सोपे वाटते. पण चुलीपाशी, उसनवारीत, नवराबायकोच्या कुरबुरीत ही कृपा दिसते तरी कशी? मराठीत याचे उत्तर शोधावयाचे तर मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडीन.

1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेची वाखाणणी पुष्कळ झाली. तिची घरगुती भाषा, विनोद, प्रांजळपणा यांचे कौतुक सर्वांनीच केले. धर्मांतर मात्र बहुधा कथानकातील एक वळण म्हणून बाजूला ठेवले जाते. पुस्तकाचा जीव तेथेच आहे, असे मला वाटते.

लक्ष्मीबाईंचे माहेर वडिलांच्या कडक सोवळ्याने गांजलेले होते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही, असा तेथे दंडक. सोवळे ही कष्टाने मिळवावयाची शुद्धता. ती एका स्पर्शाने जाते, म्हणून भीती तिच्या पाठीशी सदैव उभी. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि बाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंनी आपली चूल निराळी ठेवली. मग त्यांच्याच मनाने घेतले की, जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केलेल्या आहेत. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा घेतला तो पुढे, 1900 साली. कृपेची पहिली खूण अशी दुसऱ्याच्या हातचे घेण्यात उमटली. देण्यात मोठेपणा राहतो. घेताना मात्र माणसाला आपली उंची खाली ठेवावी लागते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. टिळक उदार खरे, पण त्यांच्या औदार्याची झळ घराला लागे. हाती आलेला पैसा टिकत नसे. परक्यांची मुले ते घरी आणीत आणि त्यांचे करणे बाईंवर पडे. रागही त्यांचा शीघ्र. मग बाईंनी सोसले त्याला ‘कृपा’ म्हणणे म्हणजे बायकांच्या सोशिकपणावर देवाचे नाव घालणे नव्हे काय? जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 साली ‘स्वस्त कृपे’वर कठोर टीका केली. पश्चात्तापाशिवाय वाटली जाणारी क्षमा, असा तिचा त्यांनी अर्थ लावला. बाईंची क्षमा या जातीची नाही. नवऱ्याच्या चुका त्या झाकीत नाहीत. विक्षिप्तपणा, संताप, हट्ट सारे नोंदवितात. स्वतःलाही सोडीत नाहीत. सारी नोंद करून झाल्यावर त्या वसुलीला मात्र निघत नाहीत, हसतात. चोपडी उघडी ठेवून मागणी सोडून देणे, हा त्यांच्या विनोदाचा खरा धर्म आहे.

हे विधान ताणून चालणार नाही. बालपणीच्या प्रकरणांतही हेच हसू आहे; ते त्यांनी जन्मतःच आणले होते. तत्त्वविवेचन हवे असलेल्या वाचकाचीही येथे निराशा होईल. ‘अभंगांजली’त टिळक देवापाशी तुकोबांच्या परंपरेतील आर्ततेने बोलतात, तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. ती आर्तता ‘स्मृतिचित्रां’त नाही. पण उपजत हसू पुढच्या आयुष्यात सहज कडवट झाले असते. ते झाले नाही, याचा उलगडा केवळ स्वभावाने होत नाही.

घेतलेल्या देण्याचे पुढे काय करावयाचे? ज्याने दिले त्याला ते फेडता येत नाही. तिसऱ्याला देता येते. परक्या मुलांना बाईंच्या घरात घास मिळाला तो असा. 1919 साली टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने ते उतारवयात पुरे केले. ते त्यांच्यावर कोणाचे ऋण नव्हते, म्हणूनच ते इतक्या आनंदाने हातून झाले असावे.