आवड आणि नांव

चित्रांचे चार शोकीन एकत्र बसले म्हणजे लवकरच एक खेळ सुरू होतो. प्रत्येकानें आपलें अत्यंत आवडतें असें एक चित्र निवडावयाचें, त्याची छापील प्रतिकृति इतरांपुढें ठेवावयाची, आणि तें आपणांस कां आवडतें हें सांगावयाचें. खेळ निरुपद्रवी आहे. इतकेंच नव्हे, तर अभिरुचीच्या शिक्षणास याहून चांगली शाळा क्वचितच सांपडेल. परंतु त्यांत एक धोका असतो. बहुतेक जण चित्र दाखविण्यापूर्वीं चित्रकाराचें नांव सांगतात. आणि थोर नांव एकदां कानीं पडलें म्हणजे ऐकणाराचे डोळे अर्धे मिटतात. काय पाहावयाचें तें आधींच ठरून गेलेलें असतें. अशा वेळीं आपण स्नेह्यांच्या हातीं चित्र देतों कीं केवळ नांव देतों?

हा प्रश्न स्वतःस विचारणें मला भाग पडलें तें एका चित्रामुळें. बर्लिनच्या चित्रसंग्रहालयांत ‘सोनेरी शिरस्त्राणाचा पुरुष’ या नांवानें ओळखलें जाणारें एक तैलचित्र आहे. आकारानें तें लहानच. उंची सुमारें ६७ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारें ५०. काळोख्या पार्श्वभूमीवर एक वृद्ध योद्धा उभा आहे. त्याची दृष्टि खालीं झुकलेली, मुद्रा छायेंत बुडालेली, आणि मस्तकावर नक्षीदार शिरस्त्राण धगधगत आहे. १८९७ सालीं बर्लिनकरांनीं तें रेम्ब्रांटचें म्हणून मिळविलें, आणि पुढें त्याच्या प्रतिकृति जर्मनींतील कित्येक घरांच्या भिंतींवर लागल्या. माझ्या विद्यार्थिदशेंत एका जुन्या इंग्रजी ग्रंथांत तें मीं प्रथम पाहिलें. त्याखालीं रेम्ब्रांटचें नांव होतें. त्या दिवसापासून तें माझें झालें. पुढें कित्येक वर्षें मित्रमंडळींत तें चित्र दाखवून, मानवी दुःखाविषयींची रेम्ब्रांटची अथांग सहानुभूति ती हीच, असें मीं मोठ्या आवेशानें सांगितलें आहे.

वस्तुस्थिति अशी, कीं माझा ग्रंथ जुना होता. १९८५ सालींच तज्ज्ञांनीं जाहीर केलें होतें, कीं हें चित्र रेम्ब्रांटच्या हातचें नव्हे. त्याच्या परिवारांतील कोणा निनांवी चित्रकाराचें तें असावें. हें मला फार उशिरां कळलें. कळल्यावर मीं काय केलें? तें चित्र मित्रांपुढें काढण्याचें मीं सोडून दिलें. त्या कापडावरील रंगाचा एक कणही हललेला नव्हता; तोच वृद्ध, तेंच सोनें, तीच छाया. हललें होतें तें केवळ नांव. मग इतकीं वर्षें मीं प्रेम कोणावर केलें होतें? आपल्या साहित्यशास्त्रानें ज्यास सहृदय म्हटलें, त्याच्या पंक्तीस बसण्याचा अधिकार मला होता काय? या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर मला सुखावह नव्हतें.

कांहीं काळानें मीं तें चित्र पुन्हां उघडलें, आणि या वेळीं नांव बाजूस ठेवून पाहिलें. तेव्हां पूर्वीं न दिसलेली एक गोष्ट दिसली. चित्रकाराचा सारा उत्साह शिरस्त्राणावर खर्च झाला आहे. तेथें रंगाचे थर इतके जाड आहेत, कीं जणूं धातूच ठोकून उठविला आहे. उलट चेहरा त्या मानानें मवाळ आणि विझलेला. आतां याच्या शेजारीं लंडनच्या केनवुड हाउसमधील रेम्ब्रांटचें उतारवयांतील आत्मचित्र ठेवावें. त्याच्या पाठीमागें भिंतीवर दोन मोठ्या वर्तुळांचे भाग दिसतात. तेथें हात, कुंचले, पॅलेट हीं सारीं चार फटकाऱ्यांत उरकलेलीं आहेत. प्रकाश जमला आहे तो त्या थकलेल्या, सुजट, निर्भय चेहऱ्यावर. एक चित्रकार वस्तूच्या तेजानें मोहून गेला आहे. दुसऱ्यानें वस्तूंस मागें सारून माणसास पुढें आणलें आहे. हा भेद कोणाच्याही डोळ्यांस दिसण्यासारखा होता. माझ्या डोळ्यांस तो दिसला नाहीं, कारण मी चित्र पाहत नव्हतों, खालचा शब्द वाचीत होतों.

या बाबतींत मी एकटा नाहीं, हें थोडेंसें समाधान. अब्राहम ब्रेडियस हा डच चित्रकलेचा मोठा जाणकार. १९३७ सालीं, ऐंशी वर्षें उलटलेलीं असतां, त्यानें ‘एमाउस येथील भोजन’ हें नव्यानें उजेडांत आलेलें चित्र व्हर्मीरचें म्हणून जाहीर केलें, तेंही व्हर्मीरची सर्वश्रेष्ठ कृति म्हणून. रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठीं तें घेण्यांत आलें, आणि रसिक त्यापुढें तन्मय होऊन उभे राहूं लागले. १९४५ सालीं व्हान मेगेरेन नांवाच्या चित्रकारास अटक झाली. आरोप असा, कीं त्याच्यामार्फत व्हर्मीरचें एक चित्र नाझी पुढारी गोरिंग याच्या हातीं गेलें. राष्ट्रद्रोहाच्या आरोपांतून सुटण्यासाठीं त्यानें कबूल केलें, कीं तें चित्र आणि एमाउसचें चित्र दोन्हीं आपणच रंगविलीं आहेत. १९४७ सालीं त्यास एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वींच तो वारला. आज त्या चित्रांतील जड पापण्यांचे, ओढलेले चेहरे पाहून कोणासही नवल वाटतें, कीं यांत व्हर्मीर दिसला तरी कसा! पण हें शहाणपण आपणांस निकाल लागल्यानंतर सुचलेलें आहे, हें विसरूं नये.

उलट बाजूचेंही एक उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहांत ‘पोलिश घोडेस्वार’ हें चित्र आहे. मावळत्या उजेडांत एक तरुण कृश घोड्यावरून कोठें तरी निघाला आहे. १९८४ सालीं त्याच्याही कर्तृत्वाविषयीं शंका निघाली, आणि रेम्ब्रांटचा शिष्य ड्रोस्ट याचें नांव पुढें आलें. नंतर अभ्यासकांनीं तें मुख्यत्वेंकरून रेम्ब्रांटचेंच ठरविलें. त्या मधल्या काळांत घोडेस्वाराचा प्रवास थांबला होता काय?

यावर कोणी म्हणेल, मग नांवास कांहींच किंमत नाहीं काय? तसें माझें म्हणणें नाहीं. केनवुडचें चित्र रेम्ब्रांटचें हें ठाऊक नसतें तर शिरस्त्राणाच्या शेजारीं ठेवावयास मीं तेंच कां काढलें असतें? एका हातच्या अनेक कृति एकत्र पाहिल्यानेंच त्या हाताचा स्वभाव कळतो, आणि हें एकत्र आणण्याचें काम नांव करतें. शिवाय थोर नांव आपणांस चित्रापुढें थोडा वेळ अधिक थांबवितें. हा त्याचा उपकार लहान नव्हे. पंडितांनीं चित्र माझ्यापासून हिरावून घेतलें असें मला प्रथम वाटलें. खरें पाहतां त्यांनीं मला तें पाहावयास लावलें. दोष नांवाचा नाहीं, क्रमाचा आहे. जें शेवटीं यावयाचें तें आम्हीं आरंभीं आणून बसविलें.

म्हणून स्नेह्यांस आवडतें चित्र दाखवितांना मी अलीकडे एक नेम पाळतों. खालचें नांव हातानें झांकतों, आणि ज्यांची साक्ष ऐकणाराचे डोळे देऊं शकतील अशाच गोष्टी सांगतों: प्रकाश कोठून येतो, रंग कोठें जाड आणि कोठें विरळ आहे, आपली नजर प्रथम कोठें जाते आणि कोठें थांबते. हें जमलें नाहीं तर ती आवड अजून माझी झालेली नाहीं असें समजतों. आणि शिरस्त्राणाचा तो पुरुष मीं पुन्हां मंडळींत आणला आहे. हें सोनें ज्याच्या मस्तकावर आहे त्याला तें दिसत नाहीं, आणि दिसत असतें तरी त्याला त्याचें आतां कांहीं वाटलें नसतें, इतकेंच मी सांगतों. कोणाचें चित्र, असें कोणी विचारलें तर माहीत नाहीं म्हणतों. तें उत्तर ऐकून परवां एका तरुण स्नेह्यानें मान हलविली, आणि पुस्तक जवळ ओढून तो तें चित्र बराच वेळ पाहत बसला.