डॅशनंतरचं अक्षर

शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालचं, आणि 'पिंग' ही आज्ञाही त्याच वर्षाची. अमेरिकेतल्या माइक मूस यांनी ती डिसेंबरात लिहिली. पलीकडचा संगणक ओ देतो का, एवढंच ती हाक मारून पाहते. बुलढाणा जिल्ह्यात संगणकशास्त्र शिकणाऱ्या पोरापोरींची नेटवर्कशी पहिली गाठ बहुधा तिच्यामार्फतच पडते. पहिली ठेचही तिथेच लागते.

घरच्या विंडोजवर 'पिंग डॅश एन ४' म्हटलं की चार हाका जातात. लॅबमधल्या लिनक्सवर हाकांची संख्या सांगायला 'सी' लागतो. तिथे 'एन'चा अर्थ 'नावं शोधू नको, नुसते आकडे दाखव', आणि मागे उरलेला ४ हा पत्ता समजला जातो. विंडोजवर 'टी' म्हणजे थांबवेपर्यंत हाका मारत राहा. लिनक्सवर 'टी'नंतर पॅकेटनं जास्तीत जास्त किती टप्पे जावं तो आकडा द्यायचा. विंडोज त्याच आकड्यासाठी 'आय' घेतं, तर लिनक्सचा 'आय' दोन हाकांमधलं अंतर ठरवतो. सगळ्यात दगाबाज 'डब्ल्यू'. 'डब्ल्यू ५' लिनक्सला सांगितलं तर पाच सेकंदांत सगळं काम आटोपतं. विंडोजवर त्याचा अर्थ, प्रत्येक उत्तराची वाट सेकंदाचा दोनशेवा भाग पाहा. दोन्हीकडे आज्ञा निमूट स्वीकारली जाते.

अक्षरं आठवायला सोपी असतात, कारण 'सी' म्हणजे काउंट, असं समर्थन नेहमी होतं. ते इंग्रजीत विचार करणाऱ्याच्या सोयीचं आहे. लोणार-संग्रामपूरकडच्या मराठी शाळेतून आलेल्याच्या मनात ते अक्षर सवयीनंच रुजतं. सवय मोडली की हाती काहीच उरत नाही, म्हणून विसंगतीचा भुर्दंड त्यालाच जास्त.

त्यातून देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही! दूरच्या संगणकात शिरायला 'एसएसएच' वापरताना पोर्ट स्मॉल पी-नं सांगायचा. फाइल पाठवायला 'एससीपी' वापरताना कॅपिटल पी-नं. इथे चुकून स्मॉल पी दिला तर पोर्टचा आकडा फाइलचं नाव ठरतो. यामागे वारसा आहे. युनिक्सच्या फाइलची प्रत काढणाऱ्या 'सीपी'त स्मॉल पी म्हणजे फाइलची वेळ व परवानग्या जशाच्या तशा ठेवणं. तो अर्थ दूरच्या संगणकाकडे फाइल पाठवणाऱ्या जुन्या 'आरसीपी'तून 'एससीपी'कडे आला आणि पोर्टला दुसरी जागा शोधावी लागली. २०२२ साली ओपनएसएसएचच्या ९.० आवृत्तीत 'एससीपी'नं आतली फाइल पाठवण्याची पद्धतच बदलली. अक्षरं तशीच राहिली, कारण जगभरच्या स्क्रिप्ट त्यांवर उभ्या आहेत.

नियम नाहीत असंही नाही. पॉसिक्स हे मानक डॅश कुठे द्यावा, अक्षरं एकत्र कशी जोडावीत ते सांगतं, पण अक्षराच्या अर्थाबद्दल जवळपास गप्प बसतं. ग्नू प्रकल्पानं 'हेल्प', 'व्हर्जन' अशा लांब नावांची जंत्री केली, हे त्यापेक्षा शहाणपणाचं. तरी फाइल उतरवून घेणारं ग्नूचंच 'डब्ल्यूगेट' घ्या: त्यात कॅपिटल ओ म्हणजे फाइलला आपण दिलेलं नाव. तेच काम करणाऱ्या 'कर्ल'मध्ये कॅपिटल ओ म्हणजे सर्व्हरवरचंच नाव ठेव. 'कर्ल'चे पर्याय अडीचशेहून अधिक, अक्षरं संपणारच.

जमलेलं उदाहरण शोधायचं तर ४ आणि ६. आयपीची कोणती आवृत्ती वापरायची ते सांगणारे हे आकडे पिंग, एसएसएच, कर्ल, डब्ल्यूगेट सगळीकडे एकाच अर्थानं चालतात, विंडोजच्या पिंगमध्येसुद्धा. हे पर्याय उशिरा आले आणि आकड्याला दुसरा अर्थ चिकटलेला नव्हता. आकडेच दाखवणारा 'एन'ही नेटस्टॅट, टीसीपीडम्प, ट्रेसरूट, एनमॅप यांत सारखाच. विंडोजनं नेटस्टॅटमध्ये तो तसाच घेतला. ट्रेसरूटच्या आपल्या अवतारात, ट्रेसर्टमध्ये, त्याच कामाला 'डी' दिला, आणि पिंगमध्ये 'एन' हाका मोजायला बसवला.