चौकोनात न मावणारी ओळ

आमच्या उर्दू शाळेतून गेलेली एक मुलगी संगणकावर नस्तालिक रेखाटते. ना ओळख, ना वशिला. ऑनलाइन दालन हीच तिची शिफारस. म्हणून अशा दालनांची चिकित्सा हवी.

पहिला दोष गर्दीचा. पन्नास चित्रांत पाच चांगली असली, तर उरलेली पंचेचाळीस त्यांच्यावर पाणी फिरवतात. निवड हीसुद्धा कलाच.

दुसरा चौकटीचा. २०१४ साली सुरू झालेल्या आर्टस्टेशनवर चित्राची पहिली भेट छोट्या चौकोनात होते. नस्तालिकची ओळ तर उजवीकडून डावीकडे उतरत जाते. कापली तर शब्द तुटतो, आक्रसली तर नुक्ते दिसेनासे होतात. चौकोनात एखादेच डौलदार अक्षर ठेवावे, पूर्ण ओळ आत उलगडावी.

तिसरा प्रश्न विश्वासाचा. डिसेंबर २०२२ मध्ये याच संकेतस्थळावर कलावंतांनी यंत्रनिर्मित चित्रांविरुद्ध निषेधफलक लावले. आता तयार चित्राशेजारी कच्चे रेखाटन आणि खोडलेली रेषही दिसावी. गणितात मी रीतीलाही गुण देते. कातिबाचा हात त्याच्या खतावरून ओळखू येई. दालनातही तो हात दिसला पाहिजे.