अद्भुताला उतारा नाही

मराठी वाचकाला गूढ आणि अद्भुत गोष्टी मनापासून आवडतात, पण ती आवड चारचौघांत कबूल करताना तो जरा ओशाळतो. सामाजिक कादंबरी वाचणारा पुस्तक उघडपणे काखेत मारून हिंडतो. नारायण धारपांचे पुस्तक मात्र उशाखाली असते. गावोगावच्या वाचनालयांत जाऊन पाहावे. ज्या पुस्तकांची बांधणी सुटली आहे आणि ज्यांच्या पानांना हळदीचे, तेलाचे डाग पडले आहेत, त्यांत धारप आणि रत्नाकर मतकरी हटकून सापडतील. अनंत अंतरकरांसारख्या साक्षेपी संपादकाला या आवडीचे मोल ठाऊक होते. म्हणूनच 'हंस' आणि 'मोहिनी' चालवीत असतानाही १९५४ साली त्यांनी 'नवल' हे वेगळे मासिक काढले. संपादकाने ओळखले आणि वाचकाने उचलून धरले. टीकाकार तेवढा दूर उभा राहिला.

या वाङ्मयावर आक्षेप दोन. ते पोरकट आहे, हा पहिला. त्याला उत्तर देण्याची गरज नाही. दुसरा आक्षेप असा की, असल्या गोष्टी अंधश्रद्धेला खतपाणी घालतात. महाराष्ट्रात हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतरच, त्याच वर्षी, झाला. मी हरिहरेश्वरी राहतो आणि शाळेत शिकवतो. काळभैरवाचे दर्शन आधी घ्यायचे, मग हरिहरेश्वराचे, आणि पुन्हा काळभैरवाचे, अशी आमच्या क्षेत्राची रीत. ज्या मुलांना मी सकाळी विज्ञानाचा धडा देतो, त्यांच्याच हाती संध्याकाळी 'वेताळपंचविशी' द्यावी की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकी नाही.

प्रथम भुताचा विचार करू. कोकणातले भूत हे फार घरगुती प्रकरण आहे. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यापाशी असतो, चकवा रानात वाट चुकवतो, हडळ कुठे भेटते ते म्हातारी माणसे बोट दाखवून सांगतात. प्रत्येकाला पत्ता आहे, स्वभाव आहे, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाला उतारा आहे. भगताने तांदूळ पाहिले की कोणाची बाधा ते कळते. नारळ, लिंबू किंवा कोंबडा तिठ्यावर ठेवला की हिशेब मिटतो. म्हणजे या व्यवहारात अज्ञात असे काही उरतच नाही. अंधश्रद्धेला गूढाचे आकर्षण असते, असे आपण समजतो. खरे पाहता तिला गूढ क्षणभरही सोसत नाही. तिला कारण हवे असते, ते ताबडतोब हवे असते, आणि त्याची किंमत मोजण्याची तिची तयारी असते. या गरजेवरच बुवाचे दुकान चालते.

अद्भुत कथा नेमके उलट करते. ती प्रश्न उभा करते आणि उतारा देत नाही.

आपल्या रसशास्त्रात भयानकाचा स्थायीभाव भय आणि अद्भुताचा विस्मय, अशी स्वच्छ वाटणी आहे. भरताने पुढे असेही म्हटले आहे की, बीभत्सापासून भयानक उपजतो आणि वीरापासून अद्भुत. जुन्या कथा पाहिल्या म्हणजे या म्हणण्याची सार्थता पटते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या अरबी गोष्टींत सिंदबाद संकटांतून पार पडतो म्हणून त्याच्या भोवतीचे चमत्कार गोड लागतात. तिथे पराक्रम आधी येतो आणि नवल मागून. आधुनिक गूढकथेत मात्र वीरच नाहीसा झाला आहे. भय आणि विस्मय एकाच पाटावर बसले आहेत, आणि समोर आहे तो तुमच्याआमच्यासारखा, तलवार नसलेला मनुष्य.

पण या नव्या कथेचे बीज जुन्या गोष्टीतच आहे, आणि तेही वेताळाच्या. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तून आलेली ही गोष्ट लहानपणी सर्वांनी ऐकली आहे. तिच्या शेवटाकडे मात्र फारसे कुणी लक्ष देत नाही. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट्याने चालायचे आहे. वेताळ गोष्ट सांगतो, कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटणार, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. राजा शहाणा, म्हणून प्रत्येक वेळी उत्तर देतो आणि प्रत्येक वेळी त्याची खेप फुकट जाते. शेवटच्या कोड्याला मात्र त्याच्याजवळ उत्तर नसते. तो गप्प राहतो, आणि तिथेच सुटतो. वेताळ प्रसन्न होऊन त्याला सावध करतो की, ज्या योग्यासाठी तू ही हमाली करतो आहेस, तो तुझाच बळी देणार आहे. ध्यानात घ्या: या गोष्टीत फसवणारा आहे तो योगी, आणि वाचवणारा आहे तो वेताळ! आपल्या सर्वांत लाडक्या भुताच्या गोष्टीने बुवाबाजीविरुद्धचा इशारा शेकडो वर्षे पोरांच्या कानी घातला आहे, आणि आपण तिला अंधश्रद्धेच्या खात्यावर मांडून बसलो आहो.

हा योगी पुढे मराठी गूढकथेत वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा येतो. त्याच्याशी लेखक कसा वागतो, यावरून कथेची प्रत ठरवावी असे मला वाटते.

धारपांच्या (१९२५–२००८) कथांत तो 'समर्थ' होऊन येतो. समर्थ हे तपाचे बळ असलेले, निर्लोभी, सज्जन पुरुष आहेत. अमंगळ शक्ती कितीही माजली तरी ते तिचा बंदोबस्त करतात. धारपांची वातावरण उभे करण्याची हातोटी विलक्षण. बंद वाडा, जुने कपाट, खोलीतला अनोळखी गारवा, एवढ्यावर ते वाचकाला बसल्या जागी खिळवतात. परंतु समर्थ दारात आले की मी, वाचक म्हणून, सुस्कारा टाकतो, आणि तो सुस्कारा कथेला मारक ठरतो. इथे भगताचाच उतारा उच्च पातळीवर मिळतो. झोप चांगली लागते हे खरे; पण सकाळी काही आठवत नाही. उलट ज्या धारपकथांत समर्थ नाहीत, त्या वर्षानुवर्षे पाठ सोडत नाहीत. २०१८ साली आलेल्या राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाचे बीज मित्राच्या तोंडून ऐकलेल्या धारपांच्या गोष्टीत होते. त्या चित्रपटात लोभी माणसाला सोडवायला कोणी समर्थ येत नाही, आणि त्याचा ठसा उमटला तो त्यामुळेच.

दुसरा योगी चिं. त्र्यं. खानोलकरांचा. 'कोंडुरा' ही त्यांची कादंबरी १९६६ सालची. पुढे १९७८ साली श्याम बेनेगलांनी तिच्यावर चित्रपटही केला. कोंडुरा हे वेंगुर्ल्याकडच्या किनाऱ्यावरचे, समुद्र गर्जत असतो असे ठिकाण. तिथे एका साध्यासुध्या ब्राह्मणाला, परशुरामतात्याला, स्वामीचा साक्षात्कार होतो आणि गर्भ नाहीसा करणारी एक मुळी मिळते, अट ब्रह्मचर्याची. वरदान मिळाले, पण ते पेलायला लागणारे शहाणपण मिळाले नाही. गाव त्याला देवमाणूस ठरवते, तोही हळूहळू ते खरे धरून चालतो, आणि या भक्तिभावातून त्याच्या संसाराची राख होते. स्वामी खरा की तात्याच्या मनाचा खेळ, हे खानोलकर सांगत नाहीत. सांगितले असते तर कादंबरी एक तर पोथी झाली असती, नाही तर व्याख्यान. न सांगितल्यामुळे 'मला काही दिसले आहे' असे म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाकडे आपण सावध करुणेने पाहू लागतो. अंधश्रद्धेवर इतका खोल घाव घालणारे मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे.

तिसरा जी. ए. कुलकर्णींचा. 'पिंगळावेळ' (१९७७) या संग्रहातली 'स्वामी' ही कथा मी या सर्वांत वरची मानतो. एका वाटसरूला मठात नेतात, मान देतात, जमिनीखालच्या दालनात ठेवतात. सगळी सुखे पुरवतात आणि बाहेर पडण्याची वाट तेवढी बंद करतात. मठाला स्वामी हवा असतो, म्हणून हा स्वामी! कथेत भूत नाही, मंत्र नाही. सर्व काही खुलाशानिशी सांगितलेले आहे. महंत अगदी गोडीने, रीतसर सगळे समजावून देतो. आणि तरी, किंबहुना त्यामुळेच, अंगावर काटा येतो. वाऱ्यासाठी ठेवलेल्या वाटेने उजेडाकडे जाणारा एक वेल एवढीच त्या माणसाची सोबत. जी. एं.मध्ये दोष नाहीत असे नाही. उपमांची आरास ते कधी कधी इतकी दाट मांडतात की, मूर्ती शोधावी लागते, आणि 'रमलखुणा'तल्या दीर्घ कथांत तर वाचकाची दमछाक होते. पण 'स्वामी'त प्रत्येक वाक्य भिंतीच्या चिऱ्यासारखे बसले आहे.

या तीन उदाहरणांवरून एक कसोटी हाती येते. खुलासा झाला की अंधश्रद्धा मरते; अद्भुत खुलाशानंतरही उरते. आमच्या हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या थेट समुद्राच्या तोंडाशी उतरतात. बाजूच्या कातळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असंख्य छिद्रे कोरलेली आहेत. ओहोटीला वाट मोकळी, भरतीला बंद. मुले विचारतात, हे कोरले कोणी? मी सांगतो की, हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ; खारे तुषार त्यात मुरतात, पाणी उडून जाते, मिठाचे स्फटिक आत वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटत जातो. एवढे ऐकल्यावर देवाने किंवा राक्षसाने कोरल्याची कथा मागे पडते. पण मुलांचे डोळे लहान होत नाहीत, अधिकच मोठे होतात. राक्षसाने एका रात्रीत कोरले, यापेक्षा मिठाच्या कणाने कोट्यवधी रात्री कोरले, हे किती तरी अधिक भयंकर आहे! इंग्रजीत लव्हक्राफ्टने (१८९०–१९३७) अमेरिकेतल्या 'वीअर्ड टेल्स' मासिकात ज्या कथा लिहिल्या, त्यांचे मर्म हेच: माणसाला मोजमापात न धरणारा अफाट काळ. आमच्याकडे तो काळ भरतीच्या वेळेसारखा रोज दारात येतो.

कवितेत ही किमया आणखी कमी शब्दांत साधते. बालकवींची (१८९०–१९१८) 'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता. गाव, शेत, वाट अशी प्रसन्न चित्रे ओलांडत दृष्टी डोहाच्या काळ्या पाण्यापाशी येते आणि एका झाडापाशी थांबते. घडत काहीच नाही. पण ते झाड आपल्याकडे पाहते आहे असे वाटून जीव चरकतो. आपल्या गूढ लेखकांच्या पुस्तकांची नावे ओळीने वाचून पाहावीत. आरती प्रभू, म्हणजे कवी खानोलकर, यांचा 'दिवेलागण' (१९६२), ग्रेसांच्या 'संध्याकाळच्या कविता' (१९६७), जी. एं.चे 'काजळमाया', 'सांजशकुन', 'पिंगळावेळ'. जणू सर्वांनी ठरवून तिन्हीसांजेलाच दुकान मांडले आहे. कारण साधे आहे. भुताची वेळ मध्यरात्र. अद्भुताची वेळ तिन्हीसांज. मध्यरात्री काही दिसत नाही, म्हणून भय वाटते. संधिप्रकाशात ओळखीचीच वस्तू दिसते, पण ती तीच आहे याची खात्री देता येत नाही. ही खात्री सुटण्याचा क्षण कवी पकडतो. मात्र केवळ धूसर लिहिले म्हणजे गूढ झाले, असे नव्हे. ग्रेसांच्या अनुकरणाने पुढे जी धुक्याची कविता उदंड पिकली, तिच्यात धुके होते. धुक्यात उभे असलेले झाड नव्हते.

तेव्हा मुलांना या गोष्टी द्याव्यात का? द्याव्यात, पण निवडून. लहानांना आधी वेताळ द्यावा, आणि शेवटासकट द्यावा. पुढे धारपांचा थरार, मतकरींची 'खेकडा'सारखी, अगदी साध्या घरांतून फिरणारी गूढकथा. आणि जाण आली की खानोलकर व जी. ए. उत्तर नसलेला प्रश्न उराशी धरून शांतपणे झोपी जाता येणे, ही सवय लहानपणीच लागलेली बरी. ज्याला 'मला ठाऊक नाही' हे म्हणता येते, त्याला उतारा विकणे फार कठीण असते. विज्ञानाचा धडा हेच शिकवतो आणि चांगली अद्भुत कथाही हेच शिकवते. म्हणून माझ्या वर्गात या दोघींचे भांडण झालेले मला आठवत नाही.

दिवाळीत आपण सगळ्या पणत्या अंगणाच्या, घराच्या, लक्ष्मीच्या रोखाने लावतो. धनत्रयोदशीला मात्र एक दिवा मुद्दाम दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो, तो यमासाठी. त्या एका दिव्याने सणाचा आनंद कमी होत नाही. यंदाच्या फराळाच्या ताटाशेजारी अशी एखादी कथाही ठेवावी, आणि वाचून झाल्यावर घरातल्या थोरांनी लहानांना तिचा खुलासा करून सांगण्याची घाई करू नये.