लेप्टोसायन : निर्वंश कोणत्या अर्थाने?

मराठी विज्ञानलेखनात पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या प्राण्यांना ‘निर्वंश’ म्हणण्याचा प्रघात आहे. उत्तर अमेरिकेतील लेप्टोसायन या खोकडासारख्या श्वानकुलीन प्रजातीच्या बाबतीत ही संज्ञा तपासून घ्यावी लागते.

जोसेफ लायडी यांनी १८५८ मध्ये ‘कॅनिस वेफर’ या नावाने वर्णिलेल्या जातीसाठी विल्यम मॅथ्यू यांनी १९१८ मध्ये लेप्टोसायन, अर्थात ‘सडपातळ श्वान’, ही प्रजाती स्थापिली. जेमतेम दोन-तीन किलो वजनाचे, निमुळत्या जबड्याचे हे प्राणी ऑलिगोसीनपासून मायोसीनच्या उत्तरार्धापर्यंत, सुमारे दोन कोटी वर्षे, टिकून राहिले. त्या दीर्घ काळातील बराचसा भाग श्वानकुलात वर्चस्व होते ते बोरोफेजिनी या उपकुलाचे. हे उपकुल मात्र खरोखरच निर्वंश झाले.

टेडफर्ड, वांग व टेलर यांचा २००९ मधील बृहद्ग्रंथ वंशशाखीय पद्धतीचा आग्रह धरतो. तरीही लेप्टोसायन हे नाव तो आद्य जातींपुरतेच राखतो. त्याच शाखेतून निघालेले खोकड, कोल्हे आणि लांडगे त्याबाहेर राहतात. जीवाश्मांच्या वर्गीकरणात अशी तडजोड अपरिहार्य असते, हे मान्य. परंतु मग या प्रजातीचा अंत काही अंशी नामकरणाचाच परिणाम ठरतो. (‘नामशेष’ हा पर्यायही येथे उलटाच पडतो : नाव संपले, वंश उरला.) महाराष्ट्रातील माळरानांवरचे खोकड याच शाखेतील आहे, बोरोफेजिनींचा असा एकही वारस नाही. अध्यापनात या दोहोंना एकाच रकान्यात बसवणे म्हणूनच असमर्थनीय वाटते.